पीठ न लावलेले पंख

आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या माणसाला सगळे उस्ताद म्हणत. गाण्याबजावण्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. चौकात तळलेल्या चिकनचं दुकान आहे, तिथे तो कढईवर असायचा. कढई सांभाळणाऱ्याला दुकानातली माणसं उस्ताद म्हणत. ते नाव त्याच्यामागे जिना चढून घरापर्यंत आलं आणि दारावरच्या पाटीवरचं नाव सगळे विसरून गेले.

बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. मनगटापासून कोपरापर्यंत उडालेल्या तेलाचे बारीक डाग. लग्न ठरवायला गेला तेव्हा सासऱ्यांनी ते डाग न्याहाळून विचारलं होतं, "हा कसला आजार?"

"भुकेचा," उस्ताद म्हणाला होता. "माझ्या नाही, गिऱ्हाइकांच्या."

हा किस्सा तो स्वतःच इतक्या वेळा सांगायचा की वहिनी, म्हणजे त्याची बायको, शेवटचा शब्द त्याच्याआधी म्हणून टाकायची. ती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कॉलर लावायचं काम करायची. घरीही गठ्ठे आणायची. बोलणं मोजकं, पण बोलली की समोरच्याला गप्प करून सोडायची.

त्यांना एकच मुलगी. तिला भिंगरी म्हणायचे, कारण ती बसून काही करायचीच नाही. उभ्याने जेवायची, चालता चालता अभ्यास करायची, पायऱ्या एक सोडून एक चढायची. मी नोकरीतून निवृत्त झालेली, एकटी. माझं दार दिवसभर उघडं, त्यामुळे तिच्या फेरीत माझं घरही यायचं. मला ती मावशी म्हणायची आणि माझ्या चष्म्याच्या काचांवर बोटांचे ठसे ठेवून जायची.

शनिवारी उस्ताद दुकानातून कागदी पाकीट आणायचा. त्यात कोंबडीचे पंख. गिऱ्हाईक त्यांना विंग्ज म्हणतं, पण भिंगरीला पंख हाच शब्द आवडायचा. बाबाची पावलं जिन्यावर ऐकू आली की बेल वाजायच्या आत ही दारात. पाकिटाच्या आधी ती त्याची बाही नाकाशी धरायची.

"आज लसूण जास्त झालाय."

"नाही गं, बेताचाच होता."

"झालाय बाबा. तू दिवसभर तिथेच असतोस, तुला कसं कळणार?"

मग पाकीट उघडायचं. ती चवीसाठी खायची की आवाजासाठी, देव जाणे. वरचं कुरकुरीत आवरण दाताखाली मोडलं की डोळे मिटून ऐकायची. खाऊन झालं की हाडं बशीच्या कडेला ओळीने मांडायची.

ती सात वर्षांची असताना तिला पहिली आकडी आली. वहिनी स्वयंपाकघरात काहीतरी तळत होती आणि भिंगरी ओट्याला टेकून शाळेतली गंमत सांगत होती. एका वाक्याच्या मध्येच ती थांबली, मान वळली आणि ती खाली कोसळली. पडताना हात कढईच्या कानाला लागला. कढई उलटी झाली. उकळतं तेल भिंतीवर गेलं, पोर वाचली. मी आवाज ऐकून धावले तेव्हा वहिनी भिंतीवरून ओघळलेल्या तेलात पाय टाकून बसली होती, पोरीचं डोकं मांडीवर घेऊन. स्वतःचं पाऊल भाजलंय हे तिला संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने ती कढई जिन्याखाली नेऊन ठेवली. "या घरात आता तेल तापणार नाही," एवढंच म्हणाली.

मग दवाखाने सुरू झाले. एक औषध झालं, दुसरं झालं, दोन्ही मिळून झाली. आकड्या थोड्या कमी व्हायच्या आणि परत वाढायच्या. औषधांनी पोर सुस्त झाली. जिना चढताना मधल्या वळणावर बसायची, कठड्याला डोकं टेकून. शाळा सुटल्यातच जमा होती. भिंगरी म्हणून हाक मारताना आमचीच जीभ अडखळायला लागली.

शेवटी मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सांगितलं की आता आहार बदलून बघू, काही मुलांना त्याने फार फरक पडतो. भात, ब्रेड, बटाटा, साखर सगळं बंद. लोणी, साय, अंडी, मासे, चिकन चालेल, पण प्रत्येक घास काट्यावर तोलून. तिथल्या आहार ठरवणाऱ्या बाई वयाने लहान होत्या, पण समजावून सांगायच्या छान. त्यांनी वहिनीचा हात हातात घेऊन सांगितलं, "एखादं बिस्किटसुद्धा नको. आजी-मावश्यांनाही सांगून ठेवा, लाडाने काही देऊ नका म्हणावं."

ती मावशी म्हणजे मीच. मी घरातली बिस्किटं त्याच दिवशी वाटून टाकली.

उस्तादाची मात्र कोंडी झाली. सकाळपासून रात्रीपर्यंत त्याचे हात मैद्यात बुडालेले. पंख मैद्यात घोळवायचे, झटकायचे, पुन्हा घोळवायचे, तेलात सोडायचे. आणि घरी पोरीला त्या मैद्याचा कणसुद्धा वर्ज्य. शनिवारचं पाकीट बंद झालं. तिला वासाने त्रास नको म्हणून तो दुकानातच अंघोळ करून, कपडे बदलून घरी यायला लागला. त्याला वाटलं, आपण शहाणपणा केला.

पहिल्याच शनिवारी भिंगरीने सवयीने बाही नाकाशी धरली. नुसता साबणाचा वास.

"बाबा," ती म्हणाली, "तू आता वास पण आणणार नाहीस?"

तो तसाच वळून माझ्याकडे आला. दाराजवळच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "ताई, तुमचा ओव्हन चालतो का हो?"

ओव्हन मी निवृत्त झाल्यावर हौसेने घेतला होता. माझा पहिला केक पाहून परगावाहून आलेल्या सुनेने 'छान आहे' म्हटलं आणि दुसरा तुकडा घेतला नाही. तेव्हापासून त्यात मी रिकामे डबे ठेवत होते. आम्ही डबे काढले, आतली धूळ पुसली, बटण फिरवलं. दिवा लागला.

त्याने आहारवाल्या बाईंना विचारून घेतलं होतं. पीठ न लावता चिकन चालेल. पण कढईत तळलं तर किती तेल आत मुरलं याचा हिशेब लागत नाही, त्यापेक्षा भाजा, असं त्या म्हणाल्या. शिवाय घरात तेल तापवायचं नाही, हे वहिनीने ठरवलेलंच होतं. राहिला माझा ओव्हन.

पहिला घाणा बाहेर आला तो ओल्या मोज्यासारखा. दुसऱ्या वेळी त्याने आच वाढवली, तर टोकं कोळसा आणि मधली कातडी रबर. बदामाची पूड लावून पाहिली, ती निघताना खमंग होती आणि ताटात येईतो लिबलिबीत. इतकी वर्षं कढईवर उभा राहिलेला माणूस माझ्या टीचभर ओव्हनपुढे हात टेकून बसला.

"तेल बोलतं, ताई," तो म्हणाला. "बुडबुडे मोठे आहेत का बारीक, आवाज जाड आहे का पातळ, त्यावरून मला न बघता कळतं. हा डबा मुका आहे."

"मग काचेतून बघ ना."

"बघतोच आहे की. तासाभरापासून बघतोय. तोही माझ्याकडे बघतोय."

आठवड्यातून एकदाच त्याला सुट्टी. त्या दिवशी तो पंख घेऊन यायचा आणि आम्ही दोघं त्या काचेसमोर स्टूल टाकून बसायचो. हळूहळू त्याला उमगत गेलं की सगळं पाण्यामुळे बिघडतंय. कातडीत ओल असेल तर ती वाफवली जाते, भाजली जात नाही. मग त्याने प्रत्येक पंख कापडाने पुसायला सुरुवात केली. अंघोळ घातलेल्या तान्ह्या बाळाची काख पुसतात तसा, घडी उलगडून उलगडून. मीठ लावून ते जाळीवर, न झाकता, सुट्टीच्या आदल्या रात्रीपासून माझ्या फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी कातडी कागदासारखी कोरडी व्हायची आणि माझ्या दुधाला चिकनचा वास यायचा. मी तक्रार केली नाही. म्हणजे एकदा केली, पण हसत.

चिमूटभर बेकिंग पावडर लावली की कातडी फुलते, असं त्याला दुकानातल्या कोणीतरी सांगितलं. पण त्यात मक्याचं पीठ मिसळलेलं असतं. त्याने बाईंना फोन केला. त्यांनी ते दिवसाच्या मापात बसवून दिलं. तेवढंच काट्यावर मोजून घ्यायचं, वर कणही नाही. पंख एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत. आधी मंद आचेवर ठेवायचे, म्हणजे कातडीखालची चरबी वितळून ट्रेमध्ये उतरते. मग आच पूर्ण वाढवायची आणि एकदा उलटायचे. उतरलेली चरबीही टाकायची नाही, पोरीच्या आहारात ती हवीच होती. ती चमच्याने परत वरून सोडायची.

ज्या दिवशी जमलं त्या दिवशी त्याने पंख तोंडात घातला नाही. कानाजवळ नेला आणि मोडला. मी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला उभी होते, मलाही ऐकू आलं.

भिंगरीला बोलावलं. तिने बशीत पाहिलं, मग बाबाकडे, मग आईकडे. आईने मान हलवली तेव्हा तिने उचलला. चावली. डोळे मिटले. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत उभे, परीक्षेच्या निकालाला उभे असल्यासारखे.

"दुकानातल्यासारखा नाहीये," ती म्हणाली.

उस्तादाचा चेहरा पडला.

"पण वाजतो," ती म्हणाली, आणि दुसरा उचलला.

त्यानंतर शनिवार माझ्या घरी सुरू झाले. आहाराचा गुण यायला वेळ लागला, पण आला. आकड्या विरळ झाल्या. मग एक वेळ अशी आली की शेवटची कधी आली होती हे आठवावं लागायचं. डॉक्टरांनी एक औषध कमी केलं, मग दुसरं. पोरीच्या डोळ्यांवरची झापड उतरली. जिन्याच्या मधल्या वळणावर ती बसेनाशी झाली, आणि एके दिवशी मी पायऱ्यांवर तो जुना आवाज ऐकला, एक सोडून एक. वहिनी दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन आत गेली. नळाचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला.

दहाव्या वाढदिवसाला तिच्या वर्गातल्या मुली आल्या. केक नव्हता. उस्तादाने दोन ट्रे भरून पंख भाजले होते. कोणाला पीठ नसल्याचा पत्ता लागला नाही. एकीने विचारलं, "काका, हे कुठल्या दुकानातले?" भिंगरी म्हणाली, "आमचं दुकान मावशीच्या घरात आहे." शाळेत पळण्याच्या शर्यतीत ती दुसरी आली. रिबिनीतलं पदक घालून तिने मजल्यावरची सगळी दारं वाजवली, माझं दोनदा.

शर्यतीनंतरचीच गोष्ट. आठवडाही उलटला नव्हता. सकाळी वहिनी तिला शाळेसाठी उठवायला गेली. मी दूध तापवत होते. वहिनीने हाक मारली, पण ती हाक नव्हती. मी गेले तेव्हा उस्तादाने पोरीला उचलून उताणं केलं होतं आणि तिच्या गालावर थोपटत होता, अगदी हळू, तिची झोप मोडू नये असं वाटत असल्यासारखं.

झोपेतच गेली होती. डॉक्टरांनी नंतर दोघांना समोर बसवून सांगितलं. या आजारात क्वचित असं होतं, आकडी आटोक्यात असतानाही होतं, का ते नक्की सांगता येत नाही. तुमचं काही चुकलेलं नाही. त्यांनी हे पुन्हा पुन्हा सांगितलं. उस्ताद दर वेळी मान डोलवत होता.

भेटायला माणसं आली. वहिनीचा भाऊ बाहेरच्या खोलीत बसून म्हणाला, "पोरीला धड जेवायलाच देत नव्हते हे. वाढत्या वयात भात नाही, ब्रेड नाही. अशाने काय होणार?"

वहिनी आतून आली. तिने त्याच्यासमोरचा चहाचा कप उचलला आणि म्हणाली, "दादा, तू आता ऊठ." तो उठला. पण बोललेलं उस्तादाने ऐकलं होतं.

तो कामावर परत गेला आणि कढईपुढे उभा राहिला. चिकन करपायला लागलं. मालक चांगला माणूस होता, त्याने काही दिवस सांभाळून घेतलं, मग गल्ल्यावर बसवलं. घरात नवरा-बायको एकमेकांच्या आजूबाजूने वावरत होते, अरुंद बोळात दोघं समोरासमोर आल्यावर अंग चोरतात तसे. वहिनी रात्रंदिवस कॉलर लावत होती.

एका शनिवारी संध्याकाळी वहिनी माझ्याकडे बसली होती, मांडीवर कॉलरींचा गठ्ठा. उस्ताद आला. बसला नाही.

"मी तिला दिला होता," तो म्हणाला.

"काय दिला होता?" वहिनीने मान वर न करता विचारलं.

"पंख. दुकानातला. मैद्याचा. शर्यतीच्या दिवशी येताना दुकानावरून आलो. ती म्हणाली, बाबा, एकच, खरा. मी म्हटलं नाही. ती म्हणाली, दुसरी आले ना मी. मग मी दिला. आणि त्याच आठवड्यात..."

वहिनीची सुई थांबली. मला वाटलं, आता हे घर उभं राहत नाही. मी उठून आत जावं की थांबावं हे मला कळेना.

"सगळा खाल्ला तिने?" वहिनीने विचारलं.

"नाही. अर्धा."

"का?"

"म्हणाली, बाबा, हा नुसता पिठाचाच लागतोय रे. आपला जास्त वाजतो."

वहिनीच्या तोंडून हसू फुटलं. एकदम, तिलाच न विचारता. हसता हसता तिने कॉलर तोंडावर दाबून धरली आणि मग ती कितीतरी वेळ तशीच होती, खांदे हलत होते. उस्ताद दारातच खाली बसला.

"त्याच दिवशी का नाही सांगितलंत?" ती शेवटी म्हणाली. "मी ओरडले असते. पण तिचं ते बोलणं तरी तिच्यासमोर ऐकलं असतं ना मी. तिच्याबरोबर हसले असते."

दुसऱ्या दिवशी ती त्याला हाताला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि सरळ विचारलं. अर्ध्या पंखाने असं काही होत नाही, डॉक्टर म्हणाले, तो विचार मनातून काढून टाका. वहिनीने काढला. उस्तादाला ते जमलं नाही. त्याला सगळं पटायचं आणि तरी पहाटे उठून तो खिडकीशी बसायचा. वहिनीने त्यावरून कधी त्याला टोकलं नाही. उठून शेजारी जाऊन बसायची, एवढंच.

त्याने दुकान सोडलं. फरशांच्या गोदामात लागला, माल उतरवायला. तिथे त्याला कोणी उस्ताद म्हणत नाही.

वर्ष उलटल्यावर आहारवाल्या बाईंचा फोन आला. नव्याने आहार सुरू केलेल्या मुलांच्या आईवडिलांना काही पदार्थ करून दाखवाल का, असं त्यांनी विचारलं. फोन उस्तादासाठी होता. त्याने तो वहिनीच्या हातात दिला. वहिनी हो म्हणाली, पण तिने पंख कधीच केले नव्हते, ते त्याचंच काम होतं. मग त्याने तिला शिकवलं, माझ्याच ओट्यावर. "जास्त पूस. अजून. तिथे, घडीत," असं सांगत होता. मध्येच हातातलं कापड खाली ठेवून तो गॅलरीत गेला. वहिनीने उरलेले एकटीने पुसले.

आता ती महिन्यातून एकदा जाते. तो तिला रुग्णालयापर्यंत सोडतो आणि फाटकाबाहेरच्या बाकावर बसून राहतो. वर जात नाही.

मागच्या महिन्यात माझा गुडघा दाखवायला मी तिथेच गेले होते. परत येताना त्याच्याशेजारी टेकले. तेवढ्यात एक तरुण बाई बाहेर आली, हाताशी लहान मुलगा, डोक्याला मऊ टोपी बांधलेला, पडला तर लागू नये म्हणून. तिला कोणीतरी सांगितलं असावं.

"काका, वर शिकवतात त्यांचे मिस्टर ना तुम्ही? माझे पंख मऊच राहतात हो. सगळं त्या सांगतात तसंच करते."

उस्ताद काही बोलेल असं मला वाटलं नाही. तो मुलाकडे बघत होता.

"फ्रिजमध्ये झाकून ठेवता?" त्याने विचारलं.

"हो, वास लागू नये म्हणून."

"झाकू नका. वास लागू दे. लागलेला वास जातो दोन दिवसांत." मग तो बोलतच राहिला. जाळी कशी हवी, दार मध्ये का उघडायचं नाही, आच कधी वाढवायची. हातांनी दाखवत होता. ती बाई लक्ष देऊन ऐकत होती, मुलगा तिच्या ओढणीशी खेळत होता.

"तुमच्या मुलाला आवडतात का?" निघताना तिने सहज विचारलं.

"मुलगी," तो म्हणाला. "आवडायचे."

बाईला कळायला एक क्षण लागला. कळलं तसं तिने मुलाला उचलून कडेवर घेतलं. तो मोठा होता, कडेवर घ्यायच्या वयाचा नव्हता, पाय लोंबत होते. त्याला तसाच घेऊन ती रस्त्याकडे निघून गेली.

थोड्या वेळाने वहिनी खाली आली, हातात रिकामी पिशवी. तिने त्याच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं. बाकावर त्याच्या पलीकडे बसली, पायातली चप्पल काढून भाजलेलं पाऊल दुसऱ्या पावलावर ठेवलं. गाड्या जात-येत होत्या.

"आज किती जण होते?" त्याने विचारलं.

"पुष्कळ," ती म्हणाली. "नवीनच होते सगळे."